आत्मा नाही, मग बोधी कोणाला?

बुलढाणा जिल्ह्यातल्या बौद्ध कुटुंबात कोणी वारले की काही दिवसांनी जलदान विधी आणि पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवतात. भन्तेजी किंवा बौद्धाचार्य येतात, त्रिशरण-पंचशील होते, घरची माणसे तांब्यातले पाणी हळूहळू भांड्यात सोडतात आणि दिलेल्या दानाचे पुण्य गेलेल्या माणसाच्या नावे अर्पण करतात. अशा वेळी शिकलेल्या पोरांपैकी कोणीतरी विचारतेच: बाबासाहेबांनी आत्मा नाकारला, बावीस प्रतिज्ञांतल्या सहाव्या प्रतिज्ञेने श्राद्ध आणि पिंडदान सोडायला लावले, मग हे पुण्य पोचते कोणाला?

प्रश्न रास्त आहे आणि फार जुना आहे. राजांनी, भिक्षूंनी, नैयायिकांनी तो आपापल्या भाषेत विचारला. आत्मा नसेल तर कर्माचे फळ भोगतो कोण? पुनर्जन्म होतो तो कोणाचा? आणि सगळ्यांत अवघड म्हणजे, बोधी झाली असे आपण म्हणतो ती झाली कोणाला? २०११च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २५ लाख ८६ हजार होती आणि तीत बौद्धांचे प्रमाण १४ टक्क्यांच्या आसपास होते. देशात हे प्रमाण एक टक्काही भरत नाही. त्यामुळे या जिल्ह्यात अनात्माचा प्रश्न लग्न, मरण, वर्षावास आणि मुलांवरचे संस्कार यांच्याशी जोडलेला आहे. त्याची आजवर मिळालेली उत्तरे एकत्र ठेवून पाहणे हा या लेखाचा हेतू आहे. माझे स्वतःचे म्हणणेही त्यात येईल: महाराष्ट्रात हा वाद आत्मा आहे की नाही, पुनर्जन्म आहे की नाही, इथेच बहुतेकदा थांबतो आणि ‘मी’पणाचा जो खरा गाभा सुत्तांनी दाखवला तिथपर्यंत जातच नाही. जातीने पोळलेल्या समाजाला त्या गाभ्याची गरज इतर कोणाहूनही जास्त आहे.

सारनाथला पंचवर्गीय भिक्षूंना पहिले प्रवचन दिल्यानंतर बुद्धांनी दुसरे दिले ते अनात्मलक्षणाचे, म्हणजे पालीतले अनत्तलक्खणसुत्त. त्यातला युक्तिवाद अगदी साधा आहे. हे शरीर जर आत्मा असते तर ते माझ्या हुकमात राहिले असते. ‘असे हो, तसे होऊ नकोस’ म्हटल्यावर त्याने ऐकले असते आणि त्याला आजार जडला नसता. तसे घडत नाही. माणूस ज्या पाच स्कंधांचा, म्हणजे समूहांचा, बनतो त्यांतल्या वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान या उरलेल्या चार स्कंधांचेही तेच. मग बुद्ध विचारतात: जे अनित्य आहे, दुःख देणारे आहे, बदलत राहणारे आहे, त्याला ‘हे माझे, हा मी, हा माझा आत्मा’ म्हणणे योग्य आहे का? प्रवचनाच्या शेवटी पाचही भिक्षूंचे चित्त आस्रवांतून, म्हणजे चित्तमळांतून, मुक्त झाले अशी नोंद आहे. अनात्म आणि मुक्ती यांची सांगड अशी दुसऱ्याच प्रवचनात घातलेली दिसते. अनात्माचे विवेचन करून झाले आणि मोक्षाचा मार्ग पुढे वेगळा सांगितला, असे तिथे झालेले नाही.

अभ्यासकांमध्ये फाटा फुटतो तो इथून. श्रीलंकेचे वालपोल राहुल आणि थेरवादातले बहुसंख्य आचार्य म्हणतात की बुद्धांनी आत्मा सरळ नाकारला. दुसरा पक्ष, ज्यात अमेरिकन भिक्षू थानिस्सरो यांचे नाव आज ठळक आहे, म्हणतो की आत्मा आहे की नाही हा प्रश्नच बुद्धांनी बाजूला ठेवला. अनात्म ही पाहण्याची साधना आहे, जगाविषयीचा सिद्धान्त नाही. या पक्षाचा भर वच्छगोत्त परिव्राजकाच्या प्रसंगावर असतो. आत्मा आहे का, असे त्याने विचारले तेव्हा तथागत गप्प राहिले. नाही का, असे विचारले तेव्हाही गप्प राहिले. पण त्याच सुत्तात पुढे आनंद या शिष्याला कारण सांगितले आहे. ‘आहे’ म्हटले असते तर शाश्वतवाद्यांना बळ मिळाले असते आणि सर्व धर्म अनात्म आहेत या ज्ञानाशी ते जुळले नसते. ‘नाही’ म्हटले असते तर आधीच गोंधळलेल्या वच्छगोत्ताला वाटले असते की पूर्वी माझा आत्मा होता, तो आता राहिला नाही. मौन होते ते त्या माणसाची स्थिती पाहून. उलट साति नावाच्या भिक्षूने, कोळ्याच्या मुलाने, जेव्हा सांगितले की हेच विज्ञान एका जन्मातून दुसऱ्यात धावत जाते, तेव्हा बुद्धांनी त्याला सर्वांसमक्ष खडसावले आणि विज्ञान हे प्रत्ययांवर अवलंबून उत्पन्न होते, प्रत्ययांवाचून नाही, हे पुन्हा समजावले. त्यामुळे मला पहिला पक्ष जास्त खरा वाटतो. दुसऱ्या पक्षाची एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे: नुसता सिद्धान्त पाठ करून कोणी मुक्त होत नाही.

ज्या उपमेसाठी मिलिंद राजा आणि नागसेन प्रसिद्ध आहेत, ती चाके, आस आणि जू मिळून होणाऱ्या रथाची उपमा मुळात एका स्त्रीची आहे. वजिरा भिक्खुनीने भुलवायला आलेल्या माराला सांगितले की अवयव जुळले की ‘रथ’ असा शब्द वापरतात, तसे स्कंध असले की ‘सत्त्व’ असा व्यवहार होतो. आपल्याकडच्या प्रवचनांत नागसेनाचे नाव येते, वजिरेचे क्वचितच येते. सोमा भिक्खुनी तर त्याहून पुढे गेली. स्त्रीला तोकड्या बुद्धीमुळे हे पद मिळणे शक्य नाही, असे मार म्हणाला तेव्हा तिने उत्तर दिले की चित्त एकाग्र झाले, ज्ञान जागे असले, तर बाईपणाचा संबंध येतो कुठे? ‘मी स्त्री’, ‘मी पुरुष’, ‘मी अमुक’ असे ज्याला वाटते त्याच्याशी माराने बोलावे. अनात्म हे समतेचे तत्त्व कसे होते ते सोमेच्या या उत्तराइतके स्पष्ट दुसरीकडे मला आढळलेले नाही.

या चर्चेत महाराष्ट्र अगदी सुरुवातीपासून आहे. सुत्तनिपाताच्या पारायणवग्गात बावरी नावाचा ब्राह्मण गोदावरीच्या काठी, अस्सकांच्या प्रदेशात, मुळक देशाला लागून आश्रम करून राहतो. दक्षिणा न मिळालेल्या एका ब्राह्मणाने ‘सात दिवसांत तुझ्या मस्तकाची सात शकले होतील’ असा शाप दिल्याने तो धास्तावतो. मस्तक म्हणजे काय, ते फुटणे म्हणजे काय, हे जाणणारा कोण, याच्या शोधासाठी तो आपले सोळा शिष्य उत्तरेला पाठवतो. त्यांच्या वाटेवरचे पहिले गाव पतिट्ठान, म्हणजे आजचे पैठण. मग माहिष्मती, उज्जयिनी, विदिशा असे करत ते मगधात पोचतात. पैठणहून माहिष्मतीकडे जायचे तर अजिंठ्याचे डोंगर ओलांडावे लागतात, आणि त्याच रांगा पूर्वेला आपल्या जिल्ह्यात उतरतात. मस्तकाच्या प्रश्नाला बुद्धांनी दिलेले उत्तर बोधीची व्याख्याच म्हणावे असे आहे: अविद्या हे मस्तक आणि श्रद्धा, स्मृती, समाधी, छंद व वीर्य यांच्यासह असलेली विद्या ती फोडणारी. पुरोहिताच्या शापाने घाबरलेल्या म्हाताऱ्याची भीती तिथल्या तिथे संपते.

सोळांपैकी मोघराज हा शिष्य विचारतो की जगाकडे कसे पाहिले म्हणजे मृत्युराजाच्या नजरेला माणूस पडत नाही. उत्तर असे की आत्मदृष्टी उपटून टाक, नेहमी स्मृती ठेव आणि जग शून्य आहे असे पाहा. शून्यतेवर पुढे महायानाने ग्रंथांचे डोंगर रचले. तिचा एक जुना धागा गोदाकाठच्या या माणसाच्या प्रश्नाशी येऊन मिळतो. दुसरा माणूस सोपाऱ्याचा, बाहिय दारुचीरिय. लाकडाच्या सालींची वस्त्रे नेसणाऱ्या या तपस्व्याला लोक अर्हत, म्हणजे पूर्ण मुक्त झालेला, मानत, त्यालाही तसेच वाटे. आपण अर्हत नाही आणि त्या वाटेवरही नाही, हे कळल्यावर तो समुद्रकाठाहून थेट श्रावस्तीला गेला आणि भिक्षाटनाला निघालेल्या बुद्धांना रस्त्यातच गाठून त्याने उपदेश मागितला. बुद्धांनी दोनदा नकार दिला, तिसऱ्यांदा सांगितले: पाहिलेल्यात फक्त पाहिलेले असू दे, ऐकलेल्यात फक्त ऐकलेले, मग तिथे ‘तू’ असणार नाहीस, आणि हाच दुःखाचा अंत. बाहिय तिथेच मुक्त झाला. थोड्या वेळाने एका वासरू असलेल्या गाईने शिंग मारले आणि तो मेला. बुद्धांनी त्याच्यासाठी स्तूप बांधायला सांगितले. बोधीला शास्त्राभ्यास किंवा वर्षानुवर्षांची तपश्चर्या लागतेच असे नाही, हे सांगणारे हे सुत्त आहे. ‘मी अर्हत’ या समजुतीत अडकलेल्यालाही ते काही सांगते.

बुलढाणा जिल्ह्यात या काळाच्या जवळ जाणारा पुरावा संग्रामपूर तालुक्यात पूर्णेच्या काठी भोन इथे सापडला. डेक्कन कॉलेजच्या भास्कर देवतारे यांनी केलेल्या उत्खननात मौर्य-सातवाहन काळातल्या वस्तीबरोबर विटांचा स्तूप उजेडात आला. खारपाणपट्ट्यात दोन हजार वर्षांपूर्वी लोक धम्म ऐकत होते, याची ती साक्ष आहे. हे ठिकाण जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात येते, याची चर्चा जिल्ह्यात व्हायला हवी होती तितकी झालेली नाही आणि त्याचे मला दुःख वाटते. पुढे पाचव्या शतकात शेजारच्या वत्सगुल्माचा, म्हणजे वाशीमचा, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळात अजिंठ्याचे मोठे काम झाले. सोळावे लेणे त्याचा अमात्य वराहदेव याने कोरवले. सतराव्या लेण्याच्या ओसरीत डाव्या अंगाला भवचक्र रंगवलेले आहे. आता ते बरेच झडले आहे. आत्मा नावाचे काही न धरता जन्म-मरणाची साखळी कशी फिरते, हे प्रतीत्यसमुत्पादाचे गणित ज्याला वाचता येत नव्हते त्याच्यासाठी तिथे भिंतीवर मांडले होते.

तत्त्वज्ञांच्या नंतरच्या वादाचा तपशील इथे फार देत नाही. वात्सीपुत्रीय आणि सम्मितीय पंथांनी स्कंधांहून वेगळाही नाही आणि तेच स्कंधही नाही असा ‘पुद्गल’ मानला. वसुबंधूने अभिधर्मकोशाच्या शेवटी त्याचे खंडन केले. तिबेटी परंपरा ज्याचा जन्म विदर्भात झाला असे मानते त्या नागार्जुनाने आत्मा आणि अनात्म या दोन्ही पकडी सोडायला सांगितल्या आणि संसार व निर्वाण यांत तिळमात्र अंतर नाही असे म्हटले. उदयनाचार्यांसारख्या नैयायिकाला बौद्धांना उत्तर द्यायला ‘आत्मतत्त्वविवेक’ हा अख्खा ग्रंथ लिहावा लागला. स्मरण कोणाला होते, केलेले कर्म आणि भोगलेले फळ एकाच माणसाचे कसे, हा त्यांचा आक्षेप पोकळ नव्हता. बौद्धांचे उत्तर असे की सातत्य असायला तीच ती वस्तू असावी लागत नाही. कारण-कार्याचा प्रवाह पुरतो. युरोपात डेव्हिड ह्यूम १७३९ साली, आणि आपल्या काळात डेरेक पार्फिट १९८४ साली, बरेच याच्याजवळ येऊन पोचले. पार्फिटने तर बुद्धांचा उल्लेखही केला आणि हे पटल्यावर मरणाची भीती कमी झाल्याचे लिहिले.

मग महाराष्ट्रात धम्म दिसेनासा झाला आणि शेकडो वर्षे आत्म्याचीच भाषा राहिली. बुलढाण्यात ती आजही श्वासासारखी आहे. शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला येणारा शेतकरी सर्वांभूती एकच आत्मा आहे असे मानतो आणि त्या श्रद्धेने अनेकांचे वागणे मऊ झाले आहे, हे मान्यच केले पाहिजे. संतवाङ्मयातला अहंकाराचा निरास आणि बौद्ध अनात्म यांचे नाते भाऊ लोखंडे यांनी मराठी संतसाहित्यावरील बौद्ध प्रभावाच्या अभ्यासात तपासले. पण दोन्ही एकच आहेत असे म्हणणे मला मान्य नाही. संत ‘मी’ला विठ्ठलात किंवा ब्रह्मात विरघळवतात, बुद्ध विरघळायला असे काही मोठे ठिकाणच ठेवत नाहीत. आणि सर्वांभूती आत्मा म्हणणाऱ्या गावात विहीर वेगळी राहिली, हा इतिहास विसरून चालत नाही.

आधुनिक मराठीत हा प्रश्न पुन्हा उभा केला तो धर्मानंद कोसंबी यांनी. गोव्यातल्या साखवाळचा हा माणूस १९०२ साली सिलोनमध्ये बौद्ध संघात दाखल झाला, पाली शिकला आणि आयुष्याच्या शेवटी, १९४७च्या जूनमध्ये, सेवाग्रामला त्याने प्रायोपवेशनाने देह ठेवला. त्यांच्या ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात ‘आत्मवाद’ असे स्वतंत्र प्रकरण आहे. बुद्धकाळात किती श्रमणपंथ आत्म्याविषयी काय काय सांगत होते हे ते आधी मांडतात आणि त्या गलबल्यातून बुद्ध बाहेर का पडले ते दाखवतात. आत्मा शाश्वत मानला की कोणी म्हणणार देहाला छळून तो सोडवा, कोणी म्हणणार कोणाला मारले तरी आत्मा मरत नाही. दोन्हींत माणसाच्या दुःखाची हेळसांड होते. मराठी वाचकाला मूळ सुत्ते दाखवत, चमत्कार बाजूला करत शिकवणारा इतका प्रामाणिक मार्गदर्शक त्याआधी मिळाला नव्हता.

डॉ. आंबेडकरांनी मात्र प्रश्नाची धारच बदलली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतल्यावर दोन महिन्यांच्या आत ते गेले. ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ मूळ इंग्रजीत १९५७ साली, त्यांच्या मागे प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रास्ताविकात बाबासाहेब चार कोडी मांडतात आणि त्यांतले तिसरे आपलेच आहे: बुद्धांनी आत्मा नाकारला, तरी कर्म आणि पुनर्जन्म मानला असे सांगतात, मग हे जुळते कसे? ‘धम्म काय नाही’ याच्या चर्चेत ते आत्म्यावरचा विश्वास हा ईश्वरावरच्या विश्वासापेक्षाही घातक ठरवतात, कारण त्यातून जन्मापासून मरणापर्यंत माणसावर पुरोहिताचा ताबा बसतो. पुनर्जन्माविषयी ते म्हणतात की पृथ्वी, आप, तेज, वायू ही घटकद्रव्ये मरणानंतर आपापल्या जातीच्या साठ्यात मिसळतात आणि त्यांतून नवे जीवन बनते; तोच माणूस पुन्हा येतो असे नाही. आणि कर्माविषयीचे त्यांचे वाक्य तर विदर्भातल्या प्रत्येक वस्तीला उद्देशून लिहिल्यासारखे आहे: गेल्या जन्माच्या कर्मामुळे आज गरिबी आहे असे सांगण्याचा एकच उपयोग दिसतो, तो म्हणजे राज्य आणि समाज यांची दीनदुबळ्यांविषयीची जबाबदारी झटकणे. कम्म त्यांच्या लेखी नैतिक व्यवस्थेचा नियम आहे, खात्यावर जमा होणारे व्यक्तीचे भांडवल नाही.

महाबोधी सोसायटीच्या मासिकासह परंपरेतल्या अनेकांनी या मांडणीवर कडक टीका केली. हा बुद्धांचा धम्म नसून आंबेडकरांचा आहे, असे म्हटले गेले. टीकेत तथ्य किती? पाली सुत्तांत पुनर्जन्माचे उल्लेख जागोजागी आहेत आणि त्यांना नंतरची भर म्हणून पुसून टाकता येत नाही; इथे बाबासाहेब निवड करतात, हे मोकळेपणाने मान्य करावे. पण ज्या टोकावर ते बोट ठेवतात, ते सुत्तांतलेच आहे. बुद्धांनी सातीला खडसावले होते ते याच टोकावर. आत्म्यावाचून पुनर्जन्म मानणारी परंपरासुद्धा ‘तोच माणूस’ परत येतो असे म्हणत नाही. त्यामुळे ‘तू गेल्या जन्मी पाप केलेस म्हणून या जातीत आलास’ हे वाक्य दोन्ही वाचनांत उभे राहू शकत नाही. जलदानाच्या प्रश्नाचे उत्तरही इथून मिळते. मृतांच्या नावे दान देण्याविषयीचे तिरोकुड्डसुत्त मानणारे आचार्य म्हणतात की पुण्य एखाद्या जिनसेसारखे एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही. दान पाहून ज्याला आनंद होतो त्याचा तो आनंद हेच त्याचे कुशल कर्म. बाबासाहेबांच्या वाटेने जाणारे म्हणतात की गेलेल्याच्या नावाने जिवंतांना दिलेले दान जिवंतांनाच चांगले करते. दुसरे उत्तर मला जवळचे वाटते. पहिल्यातही आत्मा लागत नाही, हे मात्र वाद घालणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

तिसरा प्रवाह विपश्यनेचा. सत्यनारायण गोएंका १९६९ साली ब्रह्मदेशातून भारतात आले, १९७६पासून इगतपुरीच्या धम्मगिरीत शिबिरे सुरू झाली आणि आज विदर्भातले अनेक शिक्षक, कर्मचारी, शेतकरी दहा दिवसांचे शिबिर करून येतात. अंगावर उठणारी आणि मावळणारी संवेदना तटस्थपणे पाहत राहिले की ‘माझे’पणाची पकड सुटते, हा अनत्तलक्खणसुत्ताचाच शरीरावर केलेला अभ्यास आहे. आंबेडकरी कार्यकर्त्यांचा आक्षेप असा की डोळे मिटून बसल्याने ॲट्रॉसिटीचा गुन्हा नोंदला जात नाही आणि गायरानाचा पट्टा नावावर होत नाही. आक्षेप खरा आहे. दुसरीकडे, रात्रंदिवस मोर्चे आणि मेळावे करून संघटनेची चार शकले होतात तेव्हा आतल्या ‘मी’चा विचार कोणीतरी करायला हवा होता, हे साधकांचे म्हणणेही खरे आहे. या दोघांच्या मधला पूल बांधण्याचा एक प्रयत्न भिक्षू संघरक्षितांनी केला. बाबासाहेबांच्या निधनाच्या दिवशी ते नागपुरात होते आणि शोकाकुल जनसमुदायापुढे ते बोलले. पुढे त्यांच्या प्रेरणेने महाराष्ट्रात १९७९पासून त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गणाचे काम उभे राहिले, ध्यान आणि वस्तीतले काम जोडीने करणारे.

आता ज्या गाभ्याविषयी मी सुरुवातीला म्हटले, त्याकडे येतो. एक खरा अडथळा आहे आणि तो पुष्कळ प्रामाणिक माणसांच्या मनात आहे. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या माणूस म्हणून मोजलेच नाही, ज्याने शंभर वर्षांच्या झगड्यातून ‘मी कोणीतरी आहे’ हे मिळवले, त्याला तुम्ही कसे सांगता की ‘मी’ सोड? हा उपदेश पोटभर जेवलेल्याने उपाशी माणसाला उपवास सांगावा तसा वाटतो. स्वाभिमानावर उभी राहिलेली चळवळ अनात्म कसे पचवणार?

याचे उत्तर संयुत्तनिकायातल्या सोणसुत्तात आहे. बुद्ध सोणाला सांगतात की अनित्य, दुःखकारक, बदलणाऱ्या स्कंधांच्या आधारे जे ‘मी श्रेष्ठ’, ‘मी बरोबरीचा’ किंवा ‘मी हीन’ असे पाहतात, त्यांना वस्तुस्थिती दिसलेली नाही. तिन्ही मानच आहेत. ‘मी हीन’ हाही मान आहे! जातिव्यवस्थेचे सगळे यंत्र या एका जागी पकडले जाते. वरच्याला श्रेष्ठत्वाचा आणि खालच्याला हीनत्वाचा असा एकेक कायमचा, जन्मजात ‘मी’ तिने वाटून दिला आणि तो आत्म्यात, कर्मात, जन्मात पक्का केला. बदलणाऱ्या शरीरावर आणि बदलणाऱ्या मनावर असा न बदलणारा शिक्का मारताच येत नाही, हे अनात्म सांगते. म्हणून अनात्म दलिताकडून काही काढून घेत नाही. दुसऱ्याने लादलेला ‘मी’ तेवढा खाली ठेवायला सांगते. सुनीत थेराची कहाणी याच बाजूची आहे: निर्माल्य झाडणारा, लोकांच्या घृणेचा विषय झालेला माणूस, आणि पुढे ज्याच्यापुढे देव हात जोडतात असा अर्हत. बाबासाहेबांनी मागितलेला स्वाभिमान हा ‘मी श्रेष्ठ’ असा मान नव्हता. कोणाही माणसाला हीन ठरवण्याचा अधिकार कोणाला नाही, हा तो आग्रह होता. तो अनात्माच्या विरुद्ध जात नाही, त्यातूनच निघतो.

पण काम इथे संपत नाही आणि खेमकसुत्त तेच सांगते. कौशांबीजवळ आजारी पडलेल्या खेमक भिक्षूला थेरांनी विचारले की पाच स्कंधांत तू आत्मा पाहतोस का? तो म्हणाला, नाही, एकातही पाहत नाही. मग तू अर्हत आहेस? तो म्हणाला, नाही. ‘मी आहे’ हे अजून गेलेले नाही. काठी टेकत तो स्वतः थेरांकडे गेला आणि समजावले: परटाने कपडा खाराने, शेणाने घासून धुतला, मळ गेला, तरी त्या खाराचा वास कपड्यात राहतो, तसे मत म्हणून आत्मा गेला तरी ‘मी’चा वास राहतो. हे बोलता बोलता तो आणि ऐकणारे साठ थेर मुक्त झाले. परंपरेने म्हणून या दोन पायऱ्या वेगळ्या धरल्या. सत्कायदृष्टी, म्हणजे स्कंधांत आत्मा पाहण्याचे मत, गेली की माणूस स्रोतापन्न, म्हणजे वाटेला लागलेला. मान गेला की अर्हत. महाराष्ट्रातल्या बौद्ध समाजाने पहिली पायरी, निदान विचाराने, एका पिढीत चढली. आत्मा, दैव, पूर्वकर्म यांना सामुदायिकपणे नकार देणारा असा दुसरा समाज सहज दाखवता येणार नाही. दुसरी पायरी राहिली आहे आणि पोटजातीच्या सोयरिकी, विहाराच्या कमिटीवरची भांडणे, ‘आम्ही आधीचे, तुम्ही नंतरचे’ ही बोली, यांत ती रोज दिसते. मराठा, माळी, ब्राह्मण घरांत तर पहिलीही राहिली आहे. हे मी दोषारोप म्हणून लिहीत नाही. ज्यांनी कठीण अर्धे काम केले त्यांच्याकडूनच उरलेल्याची आशा धरता येते.

बोधीचा अर्थही मग या दोन पायऱ्यांवरून नीट लागतो. सारिपुत्ताला जंबुखादकाने निर्वाण म्हणजे काय असे विचारले तेव्हा त्याने लोभ, द्वेष आणि मोह यांचा क्षय एवढेच सांगितले. बाबासाहेबांचे निब्बाणही हेच: विकारांवर ताबा मिळवून धम्ममार्गाने जगणे, इथे, याच आयुष्यात. बोधगयेला ध्यानात गेलेल्या चार आठवड्यांविषयी लिहिताना त्यांनी सिद्धार्थापुढे दोनच प्रश्न ठेवले: जगात दुःख आहे आणि ते दूर करून माणसाला सुखी कसे करावे. यात ‘मला बोधी हवी’ अशी आस कुठे नाही. बोधी कोणाला, या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते इथेच आहे. ती कोणाच्या मालकीची मिळकत होत नाही. ‘मला झाली’ असे म्हणणारा उरला असेल तर ती झालेली नसते. सोपाऱ्याच्या बाहियाला हे रस्त्यावर उभ्या उभ्या कळले.

आपल्याकडे बाबासाहेबांना बोधिसत्त्व म्हणतात. घरोघरच्या तसबिरींखाली तसे लिहिलेले असते. वज्रच्छेदिका या महायान ग्रंथात बोधिसत्त्वाची कसोटी दिली आहे: सर्व सत्त्वांना मुक्त करण्याचा संकल्प करावा आणि तरी ‘मी’, ‘सत्त्व’, ‘जीव’ अशी कल्पना मनात येऊ देऊ नये, आली तर तो बोधिसत्त्व नाही. कार्यकर्त्याला यापेक्षा अवघड अट कोणती घालणार? आंबेडकरी सामाजिक क्रांती आणि विपश्यनेचे मौन या दोन्हींनाही ती लागू होते. या पावसाळ्यात मेहकर, चिखली, खामगाव, सिंदखेड राजा, जळगाव जामोद इथल्या विहारांत आषाढी पौर्णिमेपासून वर्षावासाचे ग्रंथवाचन बसेल. ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचला जाईलच. त्याच्या जोडीला सोणसुत्त, खेमकसुत्त, सोमेचे उत्तर आणि बावरीच्या शिष्यांचे प्रश्न घ्यावेत, आणि वाचनानंतरचा अर्धा तास प्रश्न विचारणाऱ्या पोरापोरींसाठी मोकळा ठेवावा.